घामाला वाट

चंद्रपूरच्या मे महिन्यात घाम दिसत नाही, मीठ दिसतं. दुपारी बसस्थानकाबाहेर पोती उतरवणाऱ्या माणसाच्या पाठीकडे पाहावं. निळ्या सदऱ्यावर पांढरट रेघा उमटलेल्या असतात, एकीच्या आत दुसरी, आटत चाललेल्या तळ्याच्या काठावर पाण्याच्या खुणा राहाव्यात तशा. पाठीला हात लावला तर कोरडी. त्याला स्वतःलाही वाटतं, आज फारसा घाम नाही आला. प्रत्यक्षात सकाळपासून त्याच्या अंगातून काही लिटर पाणी गेलेलं असतं. हवा इतकी कोरडी, की थेंब धरायच्या आत घाम उडतो आणि सदऱ्यावर तेवढं मीठ ठेवून जातो.

२ जून २००७ रोजी याच शहरात पारा ४९ अंशांवर गेला होता. हा आकडा सावलीतला आहे, हे आपण विसरतो. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. त्यावर ऊन पडत नाही. उन्हात उभ्या माणसाला वरून सूर्य भाजतो आणि खालून डांबर. त्याच्या कातडीने काय सोसलं ते बातमीतल्या आकड्यात येत नाही.

दिवाळीच्या अंकात हे कशाला, असं वाचकाला वाटेल. पण अभ्यंगस्नानाच्या पहाटे तेल-उटणं लावताना आपण वर्षातून एकदा तरी आपल्या त्वचेकडे नीट पाहतो. आणि आणखी चार-पाच महिन्यांनी होळी पेटली, की तीच त्वचा अशा कामाला जुंपली जाणार आहे, ज्याची आपल्याला कल्पनाही नसते. उन्हाळ्यातली त्वचेची काळजी म्हटलं की जाहिराती आपल्याला चेहरा दाखवतात. मला पाठ दाखवायची आहे.

वर्ध्याच्या आमच्या घरी चैत्रात नवा माठ यायचा. एका वर्षी काकांनी हौसेने त्याला बाहेरून हिरवा ऑइलपेंट दिला. माठ दिसायला सुरेख झाला, पण त्यातलं पाणी काही गार होईना. आजीने एकदा हात फिरवला आणि म्हणाली, “पाझरल्याबिगर गार कसा होईन तो?” दुसऱ्या दिवशी नवा माठ आला. उष्णतेत त्वचा कशी वागते हे पुढे डॉक्टरांकडून समजून घेतलं, पुस्तकांतून वाचलं, पण आजीच्या त्या वाक्यापलीकडे त्यात तत्त्व म्हणून फारसं काही निघालं नाही.

आपल्या अंगावर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात. त्वचेचं तापमान एरवी ३३ ते ३५ अंश. हवा त्याहून थंड असेपर्यंत अंगातली उष्णता आपोआप बाहेर पडत राहते. हवा ३५ च्या वर गेली की उलटा प्रकार सुरू होतो, हवाच अंगाला तापवू लागते. मग शरीरापुढे एकच रस्ता उरतो, घाम वाळणं. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढंच पाणी चुलीवर ३० अंशांवरून उकळीला आणायला ७० किलोकॅलरी पुरतात. आपली कातडी मे महिन्याच्या दुपारी केवढं काम करते, ते यावरून समजावं. तिचा घाम कोंडणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे माठाला दिलेला ऑइलपेंट.

घामच येत नसेल तर काय होतं, याची एक जुनी नोंद चार्ल्स डार्विनने करून ठेवली आहे. पाळीव प्राणी आणि वनस्पतींमधल्या बदलांवरच्या त्याच्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाचा उल्लेख येतो. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दात जेमतेम, अंगावर केस जवळजवळ नाहीत, आणि त्वचा इतकी कोरडी की उन्हाळा त्यांना असह्य व्हायचा. मुलींमध्ये हा दोष दिसत नव्हता. घामाच्या ग्रंथी नीट तयारच न होण्याचा हा आनुवंशिक आजार आजही भेटतो. अशा मुलांचे आईवडील उन्हाळाभर सदरा ओला करून मुलाच्या अंगावर घालतात. शरीराने न दिलेला घाम ते नळाच्या पाण्याने देत असतात. मोठ्या भाजण्यातून वाचलेल्या माणसांचंही तसंच. व्रणाच्या कातडीला घाम येत नाही, त्यामुळे उरलेल्या अंगावर सगळा भार पडतो. घरात असं कुणी असेल तर मार्च लागताच त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावं.

कोकणात आणि मुंबईत गोष्ट वेगळी. तिथे घाम दिसतो, टपकतो, कपडे भिजवतो, आणि तरी अंग गार होत नाही, कारण हवाच पाण्याने भरलेली असते. टपकलेला किंवा पुसलेला घाम थंडावा देत नाही, वाळलेलाच देतो. म्हणून हवामान खातं किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, मैदानी भागात ४० पासून. आणि म्हणूनच घामोळं ही मुळात दमट हवेची व्याधी. सतत ओल्या राहिलेल्या कातडीवर घामाच्या नळीचं तोंड बुजतं, त्वचेवरचे जीवाणू तिथे चिकट थर धरतात, आणि आत तयार झालेला घाम बाहेर न पडता कातडीतच झिरपतो. सुया टोचल्यासारखी चुणचुण होते ती त्याची. पुरळ गेल्यावरही बरेच दिवस त्या जागेला नीट घाम येत नाही. अंगभर दाट घामोळं उठलेल्या माणसाला उन्हाचा त्रास लवकर होतो तो यामुळे, आणि तो केवळ खाजेचा प्रश्न उरत नाही.

त्यावर आपण काय करतो? पावडर थापतो. ओल्या अंगावर पावडरचा लगदा होतो आणि उरलेली तोंडंही बुजतात. तान्ह्या बाळाला तर गळ्यापासून पायापर्यंत पावडर, वर झबलं, टोपरं आणि दुपटं. बाळाच्या मानेत, काखेत पुरळ उठलेलं पाहून घरातल्या बायका हळहळतात, पण टोपरं कुणी काढत नाही. घामोळ्याचा खरा उपाय कपाटातल्या डब्यात नसून हवेत आहे. साध्या पाण्याने आंघोळ, अंग टिपून कोरडं करणं, सैल सुती कपडा आणि वारा. खाज फारच असेल तर कॅलामाइन. कोकणात ताडगोळ्याचा गर चोळतात, त्याने गार वाटतं आणि अपाय काही नाही. साबण दोन्ही वेळा अंगभर घासायची गरज नसते, काख-जांघेपुरता पुरतो. घट्ट तेलकट क्रीम मात्र या दिवसांत नको.

दुपट्ट्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात स्कूटरवरची मुलगी डोळे सोडून पूर्ण बांधलेली असते, आणि पुरुषही कानावरून पांढरा दुपट्टा घेतात. बाहेरगावच्या लोकांना हे विचित्र वाटतं. पण कोरड्या झळांना सुती कापड हाच उतारा आहे. कान, मान आणि नाकपुड्या झाकल्या की गरम वारा थेट लागत नाही. शेतात तर याहून चांगलं काही पाहिलं आहे. वऱ्हाडातल्या शेतमजूर बायका लुगड्यावर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, डोक्यावर पदर आणि वर रुमाल. हे त्यांना कुणी शिबिरात शिकवलेलं नाही. बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही सनस्क्रीनपेक्षा हा शर्ट बरा, असं मी जबाबदारीने लिहिते.

कारण असं. पातळ पांढऱ्या सुती बनियनमधून अतिनील किरणांचा पाचवा ते दहावा हिस्सा आत येऊ शकतो, आणि कापड ओलं झालं की आणखी. जाड विणीचं, थोडं गडद कापड त्याहून कितीतरी जास्त अडवतं. मग गडद कापड तापत नाही का? तापतं, पण सैल असेल तर ती उष्णता कातडीपर्यंत पोचत नाही. वाळवंटातले बेदुइन काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० साली ‘नेचर’मध्ये छापून आला होता. काळ्या आणि पांढऱ्या झग्याच्या आत माणसाला बसणारी उष्णता सारखीच भरली, कारण सैल झग्याच्या आतून हवा खेळत राहते. सारं त्या सैलपणात आहे. अंगाला चिकटलेल्या नायलॉनच्या कपड्यातल्या माणसाला कोणताही रंग वाचवू शकत नाही.

ऊन आणि उष्मा यांच्या वेळा वेगळ्या असतात, हेही सहसा कुणी सांगत नाही. कातडी जाळणारे अतिनील किरण सूर्य डोक्यावर असताना सर्वाधिक असतात, विदर्भात बारा-सव्वाबाराला, मुंबईत साडेबाराच्या सुमारास. पारा मात्र तीन-चारला शिखरावर जातो. मे महिन्यात महाराष्ट्रभर शून्य सावलीचे दिवस येतात. मुंबईत महिन्याच्या मध्यावर, चंद्रपूरला २० तारखेच्या सुमारास, नागपूरला नवतपा, म्हणजे कडक तापीचे नऊ दिवस, लागतो त्याच्या आगेमागे. त्या दिवशी भरदुपारी आपली सावली पायाखाली जाते. घड्याळ, ॲप काही नको. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की कातडीला धोका आहे, एवढं लहान मुलालाही समजतं.

सनस्क्रीन कुणी लावावं? आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन आहे, त्यामुळे गोऱ्या लोकांइतकी उन्हाने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची भीती आपल्याला नाही. पण ज्यांना कोड आहे त्यांचे पांढरे डाग अक्षरशः उघडे असतात. त्यांनी झाकावं आणि लावावंही. वांग असणाऱ्या बायकांनी लावावं, आणि थोडी रंगाची छटा असलेलं घ्यावं, कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो आणि त्या प्रकाशाला लोहाच्या रंगद्रव्याचा थर अडवतो. ३० एसपीएफ सुमारे ९७ टक्के किरणं अडवतं, पण ते चेहऱ्यावर-मानेवर दोन बोटांइतकं भरपूर लावलं तर. वाटाण्याएवढं लावून दिवस काढला तर डबीवरच्या आकड्याला अर्थ नाही. आणि बहुतेक ट्यूबची किंमत शेतमजूर बाईच्या दिवसाच्या मजुरीहून जास्त असते. तिच्यासाठी शर्टच.

चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगावंसं वाटतं, नका. लिंबाच्या सालीत-रसात सोरालेन जातीची द्रव्यं असतात. त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजते, फोड येतात आणि मागे महिनोन्महिने काळे डाग राहतात. हे आपल्या वैद्यकाला अनोळखी नाही. कोडावर बावची लावून उन्हात बसवण्याची रीत जुनी आहे, आणि सोरालेन हे नाव बावचीच्याच शास्त्रीय नावावरून आलं आहे. बावचीचा वैद्य ऊन मोजून देतो. लिंबूवाल्या सल्ल्यात मोजमाप नसतं. कैरीचा चीकही ओठांच्या कडेला डाग पाडतो. कैरी उतरवून देठाकडून चीक गळू द्यावा, मग मुलांच्या हातात द्यावी.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते.

२०१७ च्या उन्हाळ्यात माझ्या कमरेवर, परकराची नाडी बसते तिथे, रुपयाएवढं गोल चट्टं उठलं. कडा लाल, मध्ये फिकट. गजकर्ण. साडी नेसणाऱ्या बायकांना ही जागा चांगली ठाऊक असते. दिवसभर घाम मुरतो आणि नाडी घासते. लाजेची जागा म्हणून डॉक्टरकडे गेले नाही. घराजवळच्या मेडिकलमध्ये गेले आणि हळू आवाजात म्हटलं, “भाऊ, खाजेवर काही द्या ना.” त्यांनी न विचारता ट्यूब काढली. “ही घ्या ताई, दोन दिवसांत आराम पडेल.” खरंच पडला. लाली गेली, खाज गेली. ट्यूब संपली आणि आठवड्याने चट्टं परत आलं, मोठं होऊन, एका कड्यात दुसरं कडं. पुन्हा तीच ट्यूब. पावसाळा लागेपर्यंत ते पाठीवर गेलं होतं, आणि घरात दोघांना झालं होतं.

त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतं, जीवाणूंची दोन होती, आणि क्लोबेटासोल होतं. क्लोबेटासोल हे सर्वांत तीव्र स्टेरॉइड मलमांपैकी एक. स्टेरॉइड काय करतं? बुरशीशी लढणाऱ्या कातडीला गप्प करतं. लढाई थांबली म्हणून लाली जाते आणि खाज जाते, आपल्याला वाटतं बरं झालं. बुरशी मात्र मोकळी होते आणि आत पसरते. कातडी पातळ होते, जांघेत-काखेत बाळंतपणासारखे ताणाचे चट्टे पडतात, आणि ते जात नाहीत. माझ्या कमरेवर ते अजून आहेत.

त्वचेच्या डॉक्टरांनी उपचार केले ते जवळजवळ तीन महिने. पोटातून गोळ्या, वरून बुरशीचं साधं मलम, घरातल्या तिघांनाही एकत्र. टॉवेल वेगळे, आतले कपडे कडक उन्हात उलटे करून वाळवायचे, शिवणींवर इस्त्री. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे औषध चालू ठेवायचं. हे शेवटचं बहुतेक लोक करत नाहीत.

हा माझ्या एकटीचा दुर्दैवाचा फेरा नव्हता. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ एकच तक्रार करत आले आहेत, गजकर्ण आता पूर्वीसारखं बरं होत नाही. घामट उन्हाळा, घट्ट जीन्स, न वाळलेले कपडे ही कारणं आहेतच. पण उघड्यावर मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या मिश्रणांनी त्या बुरशीला मोकळं रान दिलं. तिचा एक प्रकार आता टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी भारत आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांमध्ये सापडलेल्या या बुरशीला नाव दिलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण सापडल्याचं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केलं. आपल्या देशाचं नाव घेऊन एक खाज जगभर निघाली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०१८ साली केंद्र सरकारने नियम बदलले आणि अशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं ठरवलं. तुमच्या गल्लीत काय चालतं ते तुम्हालाच ठाऊक.

हाच खेळ चेहऱ्याशीही चालतो. गोरं करणाऱ्या म्हणून दिल्या जाणाऱ्या काही ट्यूबमध्ये मोमेटासोन किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. मग तो लाल पडतो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमं येतात, आणि ऊन सोसवेनासं होतं. दारात उभं राहिलं तरी चेहऱ्याची आग होते. ती बाई म्हणते, मला ऊन लागतं हो. म्हणून पुन्हा तेच क्रीम. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ साली या अवस्थेला वेगळं नावच दिलं, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. सावळेपणाला आजार समजण्याची ही शिक्षा आहे, आणि ती जिला होते तिचा त्यात दोष सर्वांत कमी.

पायांविषयी दोन वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुपारची फरशी आणि डांबर ६० अंशांपर्यंत तापतं, आणि तेवढ्या तापलेल्या पृष्ठभागाने काही सेकंदांत कातडी भाजते. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला ते कळत नाही. मंदिराच्या प्रदक्षिणेनंतर घरी येऊन मोजे काढतानाच तळव्याचे फोड दिसतात.

आणि त्वचा कोणत्या क्षणी हार मानते, हेही माहीत असावं. अंग तापलेलं, माणूस असंबद्ध बोलतोय, झोक जातोय, हा उष्माघात. घाम असो वा नसो, वाट पाहू नये. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कांदा, कैरीचा गर, पन्हं हे सगळं आपलंच आहे, पण ते त्याआधीचं. आणि रक्तदाबाच्या, मानसिक आजाराच्या काही गोळ्या घाम कमी करतात किंवा अंगातलं पाणी घटवतात. त्या स्वतः बंद करू नयेत, पण उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपाने तोडणारी माणसं उजाडायच्या आत जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत परततात. दुपारभर घरच्या सावलीत पानांचे पुडे बांधत बसतात. हातातलं काम तेच, पैसा तोच, पण तास सूर्याला विचारून ठरवलेले. रस्त्याच्या, बांधकामाच्या, वीटभट्टीच्या मुकादमांना हे का जमू नये? उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. तेवढ्यात घाम लवकर येऊ लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. नव्या मजुराला पहिल्याच दिवशी भर उन्हात पूर्ण पाळी देणं, हा माझ्या मते सरळ अन्याय आहे. त्वचेची काळजी हा बाथरूमच्या आरशाइतकाच मजुरीच्या तासांचाही विषय आहे.

वाचकांना एक विनंती. दिवाळीची आवराआवर चालली असेल. फराळाचे डबे घासून झाले, की औषधांचा डबाही खाली काढा. त्यातल्या प्रत्येक ट्यूबवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल आणि ती कुणा डॉक्टरने तुम्हाला लिहून दिलेली नसेल, तर पुढच्या उन्हाळ्यात ती कुणाच्याही अंगाला लावू नका, शेजारणीला देऊ नका. ती चेहऱ्याला रोज लावत असाल तर मनाने एकाएकी थांबवू नका. आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. जाताना ट्यूब सोबत न्या. त्यांना पहिल्यांदा तीच पाहायची असते.